सात विमानं, दोन हात कापड

आमच्या गावात अजूनही कुणी आकडा फुगवून सांगितला, एकरी दीडशे टन ऊस काढला किंवा म्हैस एका वेळेला वीस लिटर दूध देते म्हणाला, की समोरचा विचारतो, "हा मास्तराच्या दिगूचा आकडा का?" विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना तो दिगू म्हणजे मी हे माहीत नाही. उरलेल्यांना माहीत आहे, म्हणून ते मी बसलेलो असलो की मुद्दाम विचारतात. मी हसतो. दुसरं काय करणार? मी आता सत्तरी ओलांडली आहे आणि हा आकडा अगदी खरा आहे, पण गावात तो सांगायची सोय नाही. माझ्या तोंडून सत्तर ऐकलं की लोक त्यातलं शून्य खोडतात आणि मला सात वर्षांचा करून टाकतात. याला कारण एक जर्मन मनुष्य, एक फेटा आणि माझी जीभ. जिभेचा वाटा सगळ्यात मोठा.

त्या वर्षी आमच्या साखर कारखान्यात नवं टर्बाइन बसायचं होतं. बैलाएवढ्या लाकडी खोक्यांतून आधी ते आलं आणि मागून ते जोडणारा आला. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर केस बेताचे, डावा पाय जरा ओढत चालणारा, क्लाउस नावाचा. कारखान्याच्या गेस्ट हाउसवर अजून पत्रे चढायचे होते. चेअरमन आमच्या ओट्यावर येऊन नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "मास्तर, तुमची पुढली खोली रिकामीच हाय. सायबाला चार म्हैने ऱ्हाऊ द्या. तुमच्या दिगूला विंग्रजी येतंय, त्यो हुईल दुभाष्या." नाना घरात खरं बोलणारे गृहस्थ होते. व्यासपीठावरच्या नानांविषयी पुढे सांगतो. ते म्हणाले, "अहो, तो इंग्रजीत दोनदा नापास झालाय." चेअरमन म्हणाले, "म्हंजी दोनदा शिकलाय की! पक्कं झालं आसंल." असा मी कामाला लागलो.

पाटाच्या कडेला आमच्या चार खोल्या होत्या. वर कौलं, पुढे ओटा, ओट्यासमोर कडुनिंब, मागे गोठ्यात एक गाय. सकाळी जाग यायची ती पिठाच्या गिरणीच्या पुकपुकीने. दुपारी वारा पडला की नगरकडच्या लष्करी मैदानावरून तोफांचे धप्प धप्प आवाज यायचे, इतके लांबचे की गायसुद्धा कान हलवायची नाही. आईला साहेबाच्या येण्याची एकच धास्ती होती, हा माणूस खाणार काय? पहिल्या दिवशी तिने बाजरीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी वाढली आणि दाराआड उभी राहून बघत राहिली. साहेबांनी भाकरी उचलली, उजेडाकडे धरली, उलटून पाहिली, कडेची जाडी बोटांनी चाचपली आणि मला म्हणाले की हे हाताने इतकं गोल कसं होतं? मी ते आईला सांगितलं. त्या क्षणापासून त्यांचं नाव क्लासराव झालं आणि मला घरात दुय्यम स्थान मिळालं.

राहता राहिला प्रश्न अंड्यांचा. आमच्या घरात अंडं येणं शक्य नव्हतं आणि क्लासरावांना तर सकाळी ते लागायचं. त्यांनी आपण होऊन मार्ग काढला. कारखान्यात चाचणीसाठी एक लहान बॉयलर चालू असे, त्याच्या वाफेच्या नळीला एक तोटी होती, तिच्याखाली डब्यात अंडी ठेवायची आणि मनगटावरचं घड्याळ बघून बरोबर पाच मिनिटं वाफ सोडायची. मग तिथेच खाऊन, हात धुऊन, चूळ भरून घरी यायचं. आईला यातलं काही माहीत नाही असं घरात सर्वांनी धरून चालायचं होतं. फक्त अधूनमधून ती मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारायची, "आज किती खाल्ली रे त्यांनी? दोनच? एवढ्या थोराड माणसाला पुरतात का?"

मराठीतले आकडे ते पंधरा दिवसांत शिकले. घरी आई भाकऱ्या मोजून वाढायची आणि कारखान्यात फिटर लोक दाबाच्या घड्याळावरचे आकडे ओरडून सांगायचे. पण त्यांना खरं वेड लावलं ते आमच्या पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच या शब्दांनी. "क्लासराव, किती वाढू?" म्हटलं की ते पोटाचा अंदाज घेऊन "सव्वादोन" म्हणायचे, आणि आई खरोखर भाकरीचा चतकोर मोडून वाढायची. ज्या भाषेत पावाला आणि पाऊणाला स्वतंत्र शब्द आहेत ती माणसं आकड्यांच्या बाबतीत फार काटेकोर असणार, असा त्यांचा समज झाला होता. तो समज मी मोडला.

एका दुपारी आम्ही ओट्यावर बसलो असताना वरून एक विमान गेलं. मी कपाळावर हात धरून बघू लागलो. साहेबांनी मानही वर केली नाही. हातातल्या शेंगा सोलता सोलता म्हणाले, "दोन इंजिनं. उजवं आजारी आहे." (त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत चालायचं. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत देतो, वाचकांच्या सोयीसाठी आणि माझ्याही.) मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "पूर्वी मी उडवत होतो. युद्धात."

"बॉम्ब टाकायला?"

"नाही. एकट्याचं विमान. लढाऊ."

आमच्या पुढल्या खोलीत, आमच्या खाटेवर, आईने शिवलेल्या गोधडीत एक लढाऊ वैमानिक झोपतो आणि ही गोष्ट गावाला माहीत नाही! आधीच त्या दिवसांत आपल्याकडे युद्धाचं वारं सुटलेलं होतं. पाराखाली विमानांखेरीज विषय नव्हता. मी त्यांच्या मागे लागलो, आणि रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर ते थोडं थोडं सांगू लागले. मी मराठी करून नानांना सांगायचो आणि आई दाराआडून ऐकायची.

पण त्यांचं सांगणं म्हणजे यंत्र बसवल्याचा अहवाल. पोरवयात टेकडीवरून बिनइंजिनाचं विमान सोडायला शिकलो. एकोणिसाव्या वर्षी लढाऊ विमान दिलं. पहिल्याच फेरीत वाट चुकलो आणि दुसऱ्याच तळावर उतरलो, तिथल्या साहेबाने जेवू घातलं आणि नकाशा दिला. मग रशियाच्या बाजूला गेलो. तिथे थंडी एवढी की सकाळी इंजिनातलं तेल डांबरासारखं घट्ट व्हायचं आणि विमानाच्या तोंडाखाली शेगडी पेटवून ते तापवावं लागायचं.

"म्हणजे बंबासारखं?" आई दाराआडून म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं आणि न्हाणीतला आमचा तांब्याचा बंब दाखवला. साहेब दोन मिनिटं बंबाकडे बघत राहिले. "अगदी असंच," ते म्हणाले. पुढे रोज आंघोळीआधी ते बंबाला दोन टिचक्या मारायचे.

किती विमानं पाडली, असं मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं, "सात." आणि स्वतः तीनदा पडलो, हेही लगेच जोडून दिलं. एकदा उतरताना चाक मोडलं, एकदा दुसऱ्या वैमानिकाने पाडलं, तिसऱ्यांदा जमिनीवरून लागलं. त्यात हा पाय अधू झाला. मग युद्ध संपलं, दोन वर्षं कैदेत काढली, आणि त्यानंतर बॉयलर आणि टर्बाइन. "बाजू वाईट होती," ते एकदा म्हणाले, "आणि मी तुझ्या वयाचा होतो. यात सांगण्यासारखं काही नाही." मला मात्र त्यात सांगण्यासारखंच सगळं दिसत होतं. ती बाजू किती वाईट होती, हे मला पुढे वाचून कळलं. तेव्हा मला आणि गावाला एवढंच ठाऊक की जर्मन इंग्रजांशी लढला, म्हणजे माणूस आपलाच.

इथे भागुजी हवालदारांना आणलं पाहिजे. भागुजी हवालदार त्याच युद्धात आपल्या पलटणीबरोबर इटलीत लढून आले होते. वय पन्नाशीच्या पुढे, मिशा पांढऱ्या, चालणं अजून कवायतीचं. त्यांची एक गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. डोंगराच्या अंगाला पलटण बसलेली, जर्मन विमान खाली येऊन गोळ्या झाडतंय, सगळे भुईला चिकटलेले, आणि हवालदार उठून उभे राहतात, रायफल खांद्याला लावतात आणि "येकच गोळी! येकच!" विमान धूर सोडत डोंगरापल्याड. ही गोष्ट ते पाराखाली, लग्नात, दहाव्याला, कुठेही सांगत, आणि लोक त्यांच्याबरोबर शेवटचं "येकच!" म्हणत. खरं कुणालाच वाटत नव्हतं. मी तर त्यांची नक्कल करायचो, काठी खांद्याला लावून, मिशांना पीळ देत, आणि नक्कल चांगली वठायची.

रोज संध्याकाळी पेपर वाचून घ्यायला आमच्या ओट्यावर येणारे हे हवालदार, साहेब वैमानिक होते हे मी गावभर केलं त्या दिवसापासून यायचे बंद झाले होते. पारावरही ती गोष्ट बंद. मी मनात म्हटलं, घाबरले! खरा वैमानिक आला, आता रायफलीने विमान पाडल्याची थाप उघडी पडणार.

दसऱ्याला कारखान्याचं बॉयलर पेटवायचा समारंभ असे. त्या वर्षी यायचे होते ते मोठे पाहुणे आयत्या वेळी येईनात, तेव्हा चेअरमननी ठरवलं की साहेबांनाच प्रमुख पाहुणा करायचं. आणि प्रमुख पाहुणा म्हटला की परिचय आला. आता आमच्या भागातला परिचय काय असतो हे सांगतो. नाना त्यातले नामांकित होते. तालुक्यात कुणाचाही सत्कार असो, परिचय मास्तरांनी करायचा. पाहुणा तालुक्यापर्यंत गेलेला असेल तर नाना त्याला दिल्लीपर्यंत नेत. पाच झाडं लावलेल्या माणसामागे ते आमराई उभी करत, आणि तो बिचारा खुर्चीत बसून स्वतःची कीर्ती नव्याने ऐके. नानांचं शास्त्र होतं. ते म्हणत, "दिग्या, फेटा बांधणारा डोकं मोजून कापड घेतो का? मापाचं घेतलं तर फेटा टोपीसारखा दिसतो. दोन हात जास्त कापड लागतंच. परिचयाचं तसंच आहे. पाहुण्यालाही ठाऊक असतं, लोकांनाही ठाऊक असतं. त्याला खोटं म्हणत नाहीत, त्याला मान म्हणतात." आणि कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक, दोन, असे हवेत हात मोजून दाखवत.

नेमका त्या आठवड्यात नानांचा घसा बसला. काढे झाले, हळदीचं दूध झालं, आवाज फुटेना. खुणेनेच त्यांनी मला पुढे केलं आणि पाठीवर थाप मारून हवेत दोन हात मोजले.

मी दोन हातांवर थांबलो असतो तर आज ही गोष्ट लिहावी लागली नसती. समोर दोन-अडीच हजार माणूस, मागे धुराडं, बाजूला भगवा फेटा बांधलेले क्लासराव, हातात नारळ, गळ्यात झेंडूची माळ. कर्ण्यातून माझाच आवाज मला ऐकू आला आणि मला तो फार आवडला. मी त्यांना पोरवयात डोंगरावरून उडी घ्यायला लावली. बर्फात महिनाभर उपाशी ठेवलं. तीनदा पडल्याचं गिळून टाकलं. आणि शेवटी आमच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या फडात पैलवानाची ओळख करून देतात त्या सुरात हात उंचावून म्हणालो, "मंडळी, एका माणसाने, एकट्या माणसाने, सत्तर विमानं पाडली! किती? सत्तर!"

टाळ्यांचा पाऊस पडला. पहिल्यांदा मला वाटलं, साहेब अभिवादन करायला उठताहेत. ते पाय ओढत माझ्याजवळ आले, त्यांनी माईक स्वतःकडे वळवला, आणि फिटर लोकांकडून शिकलेल्या खणखणीत मराठीत म्हणाले, "सत्तर नाही. सात." मग बोटांनी दाखवलं, एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन. आणि मग तीन बोटं स्वतःच्या छातीवर ठेवून, "मी पडला. तीन."

आणि मग ती अडीच हजार माणसं जी हसली! चेअरमनचा फेटा सुटला. पहिल्या रांगेतले नाना जोडे शोधल्यासारखे खाली वाकले ते वर येईनात. मागून कुणीतरी ओरडलं, "दिगू, शून्य खाली पडलं, उचल!" माझ्या कानांतून वाफा निघत होत्या, त्यावर अंडी शिजली असती.

आणि आता मी जे केलं ते लिहिताना पन्नास वर्षांनीही पेन अडतं. बुडणारा माणूस दुसऱ्याला धरतो, तसं मी केलं. गर्दीत डाव्या बाजूला भागुजी हवालदार उभे दिसले. मी माईक ओढला आणि म्हणालो, "मंडळी, हसता काय! आपल्याही गावात विमान पाडणारा आहे. आज खरा जाणकार आलाय, त्याच्याकडूनच निवाडा करून घेऊ. हवालदार, विचारू ना? रायफलीच्या एका गोळीने विमान पडतं का?"

लोकांना तेच हवं होतं. "इचार, इचार!" झालं. हवालदार हात हलवून "न्हाई, नगं" म्हणत होते, पण चार जणांनी त्यांना ढकलत पुढे आणलं. मी साहेबांना प्रश्न केला. साहेबांनी हवालदारांकडे पाहिलं, त्यांच्या उभं राहण्यावरून ते शिपाई आहेत हे ओळखलं, आणि सावकाश सांगू लागले. या खेपेला मी शब्दाला शब्द मराठी केलं, कारण मला दुसरं काही करायची छातीच उरली नव्हती.

"पडतं," साहेब म्हणाले. "आमचं इंजिन पाण्याने थंड राहायचं. पाण्याची पेटी पंखाखाली, पत्रा पातळ. तिला बोटाएवढी एक गोळी लागली की पाणी निघून जातं. दोन-चार मिनिटांत इंजिन भाजून बंद. मी तिसऱ्यांदा पडलो तो असाच. जमिनीवरच्या एका शिपायाच्या एका गोळीने. त्यात मागे धूर दिसतो, पण तो काळा नसतो, पांढरा असतो. धूर नव्हेच, वाफ."

हवालदारांच्या गोष्टीतला धूर पांढरा असायचा. "म्हशीच्या दुधावानी पांढरा", हे वाक्य तर माझ्या नकलेतसुद्धा होतं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. चेअरमननी आपला सुटलेला फेटा हवालदारांच्या डोक्याला गुंडाळला. पोरं "येकच! येकच!" ओरडू लागली. मी एका सकाळी दोनदा तोंडावर पडलो होतो. पण त्या गोंधळातही माझ्या लक्षात आलं की हवालदार हसत नव्हते. फेटा डोक्यावर घेऊन ते खाली बघत उभे होते, पोराला मारल्यावर बाप उभा राहतो तसे.

घरी येताना साहेब माझ्याशी बोलेनात. ओट्यावर बसल्यावर एकच विचारलं, "सत्तर का?" मी नानांचं शास्त्र सांगितलं. फेटा, कापड, मान, सगळं. कोपरापासून बोटापर्यंत हवेत दोन हात मोजूनही दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सात माणसं होती. प्रत्येक जण कुठे पडला ते मला माहीत आहे. तू त्रेसष्ट आणखी मारलीस. माझ्या नावावर." एवढं बोलून ते आत गेले. आईने विचारलं, "काय म्हणाले रे?" मी म्हणालो, "भूक नाही म्हणाले." त्या दिवशीचं श्रीखंड मलाही गेलं नाही. म्हणजे दुसऱ्या वाटीनंतर गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस कलायच्या सुमाराला हवालदार आले. टोपलीत ओल्या शेंगा, वर कालचाच फेटा घडी करून ठेवलेला. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. सायेब हायेत का? एक इचारायचंय. आन् ह्ये बघ दिगू, तुज्या पदरचं यक बी घालू नगंस. तुला तुज्या आईची आण हाय."

साहेब बाहेर येऊन बसले. आई दाराआड आली. नाना बसक्या घशाने "बसा" म्हणाले. हवालदार बसले नाहीत.

"मी त्या दिशी उभा ऱ्हायलो त्यो शूरपणानं न्हाई," ते म्हणाले. "पळाया उठलो हुतो. त्ये इमान अंगावर आलं, भ्यानं हातातनं गोळी सुटली. मग वाफ दिसली आन् त्ये डोंगराआड गेलं. आमच्याकडनं धा जणांनी गोळ्या झाडल्या हुत्या. माझी कशाची लागतीय? गावात येऊन सांगितलं, मीच पाडलं. लोकं हसली, मी बी हसलो. मला पक्कं ठावं हुतं, ही थाप हाय. थापंचं काय वज्जं नस्तंय, दिगू. पंचीस वर्सं मजेत सांगितली. ह्ये सायेब इमान चालवायचं आसं कळलं तवा वाटलं, आता ह्यो म्हनंल आसं हुतच न्हाई, आन् माझं हसं हुईल, म्हनून येईना. तर काल ह्यो म्हनला, हुतं." त्यांनी फेट्याची घडी पुन्हा नीट केली. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई. इचार त्याला, त्यो आतला मानूस वाचला आसंल का?"

मी सगळं सांगितलं. आईची आण होती, शिवाय पदरचं घालायला पदरात काही नव्हतंच. साहेबांनी एक प्रश्न विचारला, "विमान किती उंच होतं?" हवालदारांनी समोरच्या कडुनिंबाकडे बोट केलं. "ह्याच्या दुप्पट. फार तर."

साहेब त्या झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिले. गेले दीड महिने या माणसाच्या गोष्टी ऐकून मलाही आता हिशेब कळत होता. एवढ्या खालून उडी मारली तर हवाई छत्री उघडत नाही. पुढे डोंगर. इंजिन बंद. सव्वादोन भाकऱ्या म्हणजे सव्वादोन मागणारा, अडीच हजार माणसांपुढे सत्तरचे सात करणारा हा माणूस काय सांगणार ते मला दिसत होतं. मी मनातल्या मनात आईच्या पायाला हात लावून ठेवला की आता मी खोटं बोलणार आहे, माफ कर.

साहेब म्हणाले, "त्याला सांग, मी त्या माणसाला ओळखतो."

मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. "सांग," ते म्हणाले. "नंतर तो आमच्या तुकडीत आला होता, इटलीहून. डोंगरापलीकडे नांगरलेलं शेत होतं, त्यात त्याने विमान पोटावर उतरवलं. उठला आणि चालत तळावर गेला. एका हिंदुस्थानी शिपायाने एका गोळीने पाडलं, असं सांगायचा. आम्ही त्याला सगळा हिवाळा हसलो."

मी शब्दाला शब्द सांगितलं. हवालदार खाली बसले. म्हणाले, "त्याला बी हसायची का लोकं?"

"फार," साहेब म्हणाले.

"नांगरलेलं रान हुतं व्हय? मऊ लागलं आसंल." हवालदारांनी नाकाने मोठा श्वास घेतला, टोपली साहेबांच्या पुढ्यात सरकवली, फेटा उचलून डोक्याला बांधला आणि कवायतीच्या चालीने निघून गेले. पुढे ते वारले तोवर वीस वर्षं ती गोष्ट सांगत होते, पण शेवट बदलला होता. "येकच!" नंतर लोक हसायचे थांबले की ते बोट वर करून म्हणायचे, "आन् त्यो उठला, कापडं झाडली, आन् चालत घरी गेला बरं का."

हवालदार दिसेनासे झाल्यावर मी विचारलं, "साहेब, त्या माणसाचं नाव काय?"

साहेब शेंग सोलत होते. त्यांनी दाणे तळहातावर घेतले, मोजले, तोंडात टाकले. मग उजवं कोपर गुडघ्यावर टेकवून, डाव्या हाताच्या बोटाने कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सावकाश मोजलं. एक. पुन्हा कोपरापासून सुरू केलं. दोन. तिथे थांबले, माझ्याकडे बोट रोखलं आणि मराठीत म्हणाले, "दोन. सत्तर नाही."

आतून आईने विचारलं, "क्लासराव, भाकरी किती?"

"तीन," साहेब म्हणाले.